बालकक्षामागचे गुरुवार

पेद्रा मान्सात दवाखान्याची यंत्रं बनवणारे बासष्ट कारखाने का निघाले, हे इवोनेती सार्मेन्तोला अकरा वर्षं तोंडपाठ होतं. तंत्रशाळा, करसवलत आणि जवळून जाणारा हमरस्ता. यावर तिनं चारशे पानांचा प्रबंध लिहिला होता, त्यात सत्तावीस तक्ते होते. कारखाने म्हणजे काही अवाढव्य नव्हेत. कुणाचा घरामागच्या शेडमध्ये, कुणाचा कॉफी वाळवायच्या जुन्या खळ्यावर पत्रे घालून उभा केलेला. पण देशातल्या कुठल्याही बाळंतिणींच्या वॉर्डात जा, नवजात बाळाला ऊब देणारी पेटी, सलाइनचा पंप, नाहीतर ठोके ऐकायचं यंत्र, यातलं काही ना काही पेद्रा मान्साचं असायचंच. पस्तीस हजार वस्तीचं, दूध आणि कॉफीवर जगणारं डोंगरातलं गाव. त्यामुळे बाहेरच्यांना नवल वाटायचं, आणि त्या नवलावरच इवोनेतीची नोकरी चालली होती.

ती त्याच गावची. वडील दूध संघाची गाडी चालवायचे, ती नववीत असताना ते गेले. आई नेइदी घरबसल्या तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळून द्यायची. कारखान्यातून रिळं यायची, शनिवारी टोपलीभर वेटोळी परत जायची. जेवणाच्या टेबलाच्या एका अंगाला ताटं आणि दुसऱ्या अंगाला तार, अशातच इवोनेती वाढली. सोळाव्या वर्षापर्यंत तिनंही गुंडाळली. पुढे शिष्यवृत्तीवर राजधानीत गेली, समाजशास्त्र शिकली, आणि तिकडेच राहा असं सगळे सांगत असताना परत आली. गावापासून चाळीस किलोमीटरवरच्या छोट्या विद्यापीठात शिकवायला लागली. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळी आईकडे यायचं. लग्न एकदा ठरलं होतं, मोडलं. त्याबद्दल ती फारसं बोलत नसे. आई मात्र संधी मिळाली की बोले.

नदीपलीकडे लागोआ सेरेना नावाचं शहर आहे. पेद्रा मान्साहून मोठं, रेल्वे असलेलं, जुनी तंत्रशाळा असलेलं. तिथल्या विकास मंडळानं तंत्रउद्यान उभारायचं ठरवलं, तेव्हा आराखड्याच्या पहिल्याच पानावर इवोनेतीच्या प्रबंधातलं वाक्य छापलं होतं. तिनं ते पान कापून आईला दाखवलं होतं, आईनं ते फ्रिजच्या दारावर लावलं होतं. सहा वर्षांनी मंडळाचे सचिव सेउ वाल्दोमिरो तिला भेटायला विद्यापीठात आले. तिकडे पुरुषाच्या नावाआधी मानानं सेउ लावतात, बाईच्या नावाआधी दोना. जाडजूड, हळू बोलणारा माणूस. हातातली टोपी त्यांनी मांडीवर ठेवली.

"प्राध्यापकबाई, मी भांडायला आलो नाही," ते म्हणाले. "तुम्ही लिहिलंत तसं सगळं केलं आम्ही. शाळेला प्रयोगशाळा दिली, कर माफ केला, रस्ता रुंद केला. काचेची इमारतसुद्धा बांधली. सहा वर्षांत दोन भाडेकरू आले. एक फोनवर विमा विकणारे, दुसरा सांबा शिकवणारा."

"आणि यंत्रं?"

"सांबावाल्याकडे एक मोठा स्पीकर आहे."

ते हसले नाहीत, म्हणून तिलाही हसता येईना. "आमचं काय राहून गेलं, तेवढं सांगा," असं म्हणून ते थांबले. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. विचार करून कळवते, म्हणाली. ते गेल्यावर तिनं सत्तावीसच्या सत्तावीस तक्ते पुन्हा चाळले. लागोआ सेरेनाला त्यात जवळपास पैकीच्या पैकी गुण पडत होते.

घरी येऊन तिनं हे आईला सांगितलं. नेइदी मक्याचं सूप ढवळत होती. ढवळतच म्हणाली, "मला विचारायचं होतंस."

"तुला काय माहीत त्यातलं?"

"अडलं की सगळे झुल्मिराकडे जायचे. इस्पितळातल्या बालकक्षाच्या नर्सकडे. तुझ्या त्या पुस्तकात तिचं नाव कुठाय? मी दोनदा शोधलं."

"तू माझा प्रबंध वाचलास?"

"वाचला कुठे. नाव शोधलं फक्त."

मग नेइदीनं जे सांगितलं ते इवोनेतीनं जन्मात ऐकलं नव्हतं, तेही वर्षानुवर्षं एकाच टेबलाशी बसून. गुरुवारी पुरुष मंडळी इस्पितळात झुल्मिराला यंत्र दाखवून यायची आणि शुक्रवारी गावातल्या सगळ्या वेटोळीवाल्या बायकांचं काम बदलायचं. इतके फेरे नकोत, तितके घ्या. ही तार जाड होते, बारीक लावा. शुक्रवार म्हणजे नुसती कटकट. बायका आपसात म्हणायच्या, झुल्मिराला एखाद्या गुरुवारी ताप येऊ दे.

ही सांगोवांगीची गोष्ट झाली, असं इवोनेतीला वाटलं. आई सांगते म्हणून काही पुरावा होत नाही. पण दुसरं काहीच हातात नव्हतं. तेव्हा तिनं ठरवलं, प्रबंधासाठी ज्यांना भेटलो त्याच लोकांना पुन्हा भेटायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: तुमचं काम पहिल्यांदा अडलं, तेव्हा तुम्ही कुणाचं दार ठोठावलंत?

सुरुवात तिनं सेउ दिर्सेउपासून केली. सत्तरीचा माणूस, नवजात बाळांच्या पेट्या बनवणारा, गावातल्या जुन्या कारखानदारांपैकी एक. याआधी दोनदा तिनं त्याची मुलाखत घेतली होती. प्रश्न ऐकून तो म्हणाला, "दार कसलं, व्हरांडा होता तो." आणि आईनं सांगितलं होतं तेच त्यानं सांगितलं, वर आणखी बरंच. इवोनेतीला राहवेना. मागच्या दोन वेळी हे का नाही सांगितलंत, असं तिनं विचारलं.

"तुम्ही भांडवल विचारलंत, मी सांगितलं," दिर्सेउ म्हणाला. "शिक्षण विचारलंत, साल विचारलंत, तेही सांगितलं. दोना झुल्मिरा त्यातल्या कुठल्या रकान्यात बसते?"

चाळीस जणांना ती भेटली. एकतीस जणांनी तेच नाव घेतलं. काहींनी हसत घेतलं, एकानं डोळे पुसत घेतलं. ज्यांनी घेतलं नाही त्यांतले सहा जण बाहेरगावाहून नंतर आलेले होते.

झुल्मिरा तेव्हा सत्याहत्तर वर्षांची होती. चर्चच्या मागच्या उतारावर तिचं घर, पुढं कोंबड्या आणि कुंपणावर भाजीचा वेल. उंच, सडपातळ बाई, आवाज असा की लांबच्या खाटेवरच्यालाही ऐकू जावा. दारात अनोळखी बाई बघून तिनं विचारलं, "जनगणनेची का?"

"नाही. मी इवोनेती. नेइदीची मुलगी."

"वेटोळीवाल्या नेइदीची? मग ये. आधी हात धू."

हात धुऊन झाल्यावर तिच्यापुढे घमेलंभर शेंगा आल्या. त्या सोलता सोलता इवोनेतीनं ऐकलं. एक हजार नऊशे चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. बालकक्षात परदेशी बनावटीची एकच पेटी होती, आणि तिचा एखादा भाग बिघडला की नवा यायला आठ महिने लागायचे. दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं कापसात गुंडाळून, बाजूला गरम पाण्याच्या बाटल्या लावून ठेवायची. वाचली तर वाचली. एकदा वॉर्डातला रेडिओ दुरुस्त करायला आरिस्तेउ नावाचा तरुण आला. झुल्मिरानं त्याला सांगितलं, रेडिओ राहू दे, ही पेटी उघड. त्यानं उघडली, बघितलं आणि म्हणाला, अशी मी बनवून बघू शकतो. तीन आठवड्यांनी त्यानं लाकडी खोक्यात तापणारी तार बसवून आणली. झुल्मिरानं आत बाळ नाही ठेवलं, बाळाएवढी पाण्याची पिशवी ठेवली, भोवती कापूस. अर्ध्या तासात कापूस जळला.

"मग तुम्ही काय केलंत?" इवोनेतीनं विचारलं.

"खिडकी उघडली. वास सुटला होता ना. आणि त्याला म्हटलं, तार वरून लाव, खालून नको, आणि पुढच्या गुरुवारी ये."

गुरुवार का, तर त्या दिवशी मोठे डॉक्टर राजधानीला जायचे. दुपारी दोनपासून तीनपर्यंत बाळं दूध पिऊन झोपलेली असायची. तेवढा एक तास बालकक्षामागच्या व्हरांड्यात एक टेबल आणि दोन बाकं मांडली जायची. आधी आरिस्तेउ एकटाच यायचा. मग त्याचा मदतनीस दिर्सेउ यायला लागला, मग तंत्रशाळेतले दोघं, मग दूध संघात यंत्रं बघणारा एक. झुल्मिराच्या अटी अगदी थोड्या होत्या. हात कोपरापर्यंत धुवायचे. आणलेली वस्तू सगळ्यांसमोर दाखवायची, कुणाला बाहेर जा म्हणायचं नाही. आणि काय जमलं ते नंतर सांगायचं. काय फसलं ते आधी.

ती स्वतः कधी पेचकस हातात धरत नसे. पण पंपावर तांब्याभर पाणी ओतून बघायची, कारण नर्सचा हात ओला असतो. धोक्याची घंटा वाजवायला लावायची आणि म्हणायची, ही वासरासारखी ओरडते, बाळ दचकेल, दुसरी आण. कुणाला उष्णतेतलं कळायचं पण आवाजातलं कळायचं नाही, तर दोघांना एका बाकावर बसवायची. अशा बाकांवरून पुढे किती कारखाने निघाले, हे तिला ठाऊक नव्हतं. इवोनेतीनं नंतर मोजले, एकोणीस भरले.

आणखी एक गोष्ट होती, जी सांगताना झुल्मिराला तिचं काही विशेष वाटलं नाही. एखादा कारागीर मालकाला सोडून स्वतःचं दुकान थाटायचा, तेव्हा दोघांत बिनसायचंच. सगळीकडे बिनसतं. पण गुरुवारी त्या दोघांना त्याच बाकावर बसून, एकमेकांदेखत, आपापलं काय फसलं ते सांगावं लागायचं. दोन-तीन गुरुवार ते एकमेकांकडे बघायचे नाहीत. चौथ्या गुरुवारी जुना मालक म्हणायचा, अरे, तो स्क्रू उलटा लावलायस. मग सुरळीत व्हायचं.

बावीस वर्षं हे चाललं. इस्पितळाच्या वहीत त्या तासापुढे झुल्मिरा लिहायची, उपकरणांची सफाई. म्हणून कुठल्याच कागदात ते सापडत नव्हतं.

शेंगा संपत आल्या तेव्हा इवोनेतीनं तिला सगळ्यात मोठा वाटणारा प्रश्न विचारला. इथे एवढा उद्योग उभा राहील, याची तेव्हा कल्पना होती का?

"उद्योग कुणाला हवा होता?" झुल्मिरा म्हणाली. "मला चालणारी पेटी हवी होती."

त्या संध्याकाळी इवोनेती चढ चढून घरी आली ती रागातच. राग स्वतःवर. अकरा वर्षं आपण याच गावात राहतो, याच इस्पितळासमोरून बसला जातो. पण कॉफी घेऊन खुर्चीत बसल्यावर राग ओसरला आणि त्या जागी काहीतरी वेगळं आलं. एवढी मोठी चूक आपल्याला इतक्या जवळ सापडली. ती दाखवणारी माणसं अजून जिवंत आहेत, आपल्याला शेंगा सोलायला बसवतात, वर पेरूची वडी आणि पांढरं चीज खायला घालतात. संशोधन करणाऱ्याच्या नशिबी हे सहसा येत नाही. आईच्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "तुझं नाव घालणार आहे मी लेखात."

"माझं कशाला? मी तर तिला ताप यावा म्हणत होते," नेइदी म्हणाली.

विभागप्रमुखांनी सल्ला दिला की जुना प्रबंध तसाच राहू द्यावा, ही गोष्ट तळटीपेत घालावी. सल्ला आपुलकीचा होता. इवोनेतीनं ऐकून घेतला आणि नवा लेख लिहायला घेतला. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की आपला आधीचा निष्कर्ष अपुरा होता: शाळेनं माणसं घडवली, सवलतीनं ती टिकली, पण वेगवेगळ्या हुन्नराच्या माणसांना एकत्र बसायला भाग पाडणारी जागा आपल्या नजरेतून सुटली. लेखिका म्हणून दोन नावं घातली, तिचं आणि झुल्मिराचं. नियतकालिकानं विचारलं, दुसऱ्या लेखिकेची संस्था कोणती? इवोनेतीनं झुल्मिराला विचारलं. झुल्मिरा म्हणाली, लिही, बालकक्ष, मागचा व्हरांडा. तसंच छापून आलं.

पण त्याआधी झुल्मिरानं कच्चा लेख भिंग लावून वाचला होता. वाचायला तिला नऊ दिवस लागले. नंतर तिनं इवोनेतीला बोलावून घेतलं. मी या सगळ्याचं हृदय होते असं लिहिलंयस ते खोड, म्हणाली. आरिस्तेउचा जळालेला कापूस घाल, तो बिचारा आता नाही आपलं श्रेय मागायला. मग तिनं शेवटच्या पानावर बोट ठेवलं. तिथे वाक्य होतं की लागोआ सेरेनात स्थानिक पुढाकाराचा अभाव होता.

"म्हणजे तिथे माझ्यासारखं कुणी नव्हतं, असंच ना?"

"हो."

"तुला कसं कळलं? तू तिथल्या इस्पितळात गेलीस?"

इवोनेती गेली नव्हती. हे वाक्य तिनं जुन्या प्रबंधातून जसंच्या तसं उचललं होतं.

"इथे तू रकाने भरत होतीस, म्हणून मी दिसले नाही," झुल्मिरा म्हणाली. "तिथे तर तू रकानेसुद्धा घरी बसून भरलेस. उद्याच्या बसला मी येते तुझ्याबरोबर."

उद्याच्या नाही, पण पुढच्या मंगळवारच्या बसनं दोघी गेल्या. झुल्मिरानं कडक इस्त्रीचा निळा झगा घातला होता आणि मांडीवर पाव द केजोची, म्हणजे चीजच्या गोल पावांची, पिशवी होती. लागोआ सेरेनाच्या इस्पितळात जुनं माणूस म्हणून एक माळी सापडला. बालकक्षात आधी कोण होतं, असं विचारल्यावर तो म्हणाला, दोना योलांदा. स्टेशनजवळ भाच्याकडे राहते. कानानं जरा कमी आहे, मोठ्यानं बोला.

योलांदा झुल्मिराहून दोन वर्षांनी लहान, बुटकी, गोल चेहऱ्याची. तीस वर्षं बालकक्षाची मुख्य नर्स होती. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, मध्ये फक्त नदी होती. झुल्मिरानं मोठ्या आवाजात आपले गुरुवार सांगितले. योलांदा ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मग तिनं आपली गोष्ट सांगितली. लागोआ सेरेनाच्या इस्पितळाची सगळी यंत्रं एकाच पुरवठादाराकडून करारानं घेतलेली होती. मागचं झाकण उघडलं तर करार मोडणार, म्हणून प्रत्येक झाकणावर मेणाची मोहोर. तंत्रशाळेचे मुख्याध्यापक शिस्तीचे. पत्राशिवाय विद्यार्थी फाटकाबाहेर पडायचा नाही, आणि पत्रावर चार सह्या लागायच्या. तिनं दोनदा अर्ज केला. एकदा एक विद्यार्थी आपणहून आला, दुपारभर एका दिव्याचं झाकण उघडून बसला. शाळेनं त्याला वर्षभरासाठी काढून टाकलं. त्यानंतर कुणी आलं नाही. शहरात हुशार माणसं नव्हती असं नाही. एकमेकांकडे जायची सोय नव्हती.

बोलता बोलता ती उठली आणि कपाटातून एक पुठ्ठ्याची फाइल घेऊन आली. आत ताप नोंदवायच्या जुन्या तक्त्यांचे कागद होते आणि प्रत्येकाच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीची चित्रं. कावीळ झालेल्या नवजात बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवतात, दिवसचे दिवस, पेटीत, डोळ्यांवर पट्टी बांधून. आई बाहेर बसून रडते, दूध भरून येतं आणि बाळ काचेपलीकडे. योलांदाच्या चित्रात दिवा वर नव्हताच. तो खालून येत होता, मऊ जाळीच्या गादीतून; आणि गादीसकट बाळ आईच्या मांडीवर होतं. जाळी कशी विणायची, उजेड डोळ्यांत जाऊ नये म्हणून कडा कुठे दुमडायची, आईचा हात कुठून जाईल, सगळं बारकाईनं काढलेलं होतं. चाळीसेक कागद होते. पहिल्यावर एक्याऐंशी सालची तारीख होती.

झुल्मिरा एकेक कागद खिडकीजवळ नेऊन बघत होती.

"हे तू एकटीनं केलंस?" शेवटी तिनं विचारलं.

"दाखवणार कुणाला?" योलांदा म्हणाली.

इवोनेतीनं पर्समधून आपला लेख काढला, ते वाक्य योलांदाला वाचून दाखवलं, आणि हे मी तुम्हाला न भेटता लिहिलं, मला माफ करा, असं म्हणाली. ऐकू जावं म्हणून तिला ते दोनदा म्हणावं लागलं, दुसऱ्यांदा जरा ओरडूनच.

योलांदानं मान हलवली. "तू असं लिहिलंस हेच मला आज कळतंय. राग धरायला फार उशीर झाला, पोरी. कॉफी घे."

परतीच्या बसमध्ये फाइल झुल्मिराच्या मांडीवर होती. योलांदानंच दिली होती, आठ दिवसांत परत कर म्हणून. झुल्मिरा घरी गेलीच नाही. बसस्थानकावरून थेट दिर्सेउच्या कारखान्यात गेली आणि चित्रं त्याच्या टेबलावर पसरली. दिर्सेउनं चष्मा पुसला, सगळी पाहिली आणि सांगितलं की त्या काळी हे झालं नसतं, तेव्हाच्या नळ्या तापायच्या, बाळ भाजलं असतं. आता थंड राहणारे बारके दिवे मिळतात. आता होईल.

"मग तू कर," झुल्मिरा म्हणाली. "पण तिथे जाऊन कर. तिच्यासमोर."

इवोनेतीनं सेउ वाल्दोमिरोंना फोन केला. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता तिच्याकडे होतं, आणि ते फारच लहान होतं. मंडळानं नवीन काही बांधू नये. फक्त दोन पत्रं मिळवून द्यावीत: इस्पितळाकडून यंत्रांची झाकणं उघडायची परवानगी, आणि शाळेकडून आठवड्यातून एका दुपारी फाटक उघडं ठेवायची. वाल्दोमिरो म्हणाले, इमारत बांधणं सोपं होतं, बाई. पण त्यांनी टोपी घातली आणि ते कामाला लागले. पहिलं पत्र दोन महिन्यांत आलं, दुसऱ्याला सात लागले.

लागोआ सेरेनातही दिवस गुरुवारचाच ठेवला. पहिल्या दिवशी तिघं आले: दिर्सेउ, शाळेतली एक तरुण शिक्षिका आणि विमा विकणाऱ्यांकडे संगणक सांभाळणारा एक जण, जो कंटाळून आला होता. झुल्मिरानं योलांदाला टेबलाच्या मधोमध बसवलं आणि स्वतः बाजूला बसली. योलांदा सुरुवातीला बिचकत होती. तिसऱ्या गुरुवारपर्यंत ती बाकीच्यांना हात धुवायला परत पाठवू लागली.

दीड वर्षात गादी तयार झाली. त्याआधी पाच गाद्या फसल्या. एक तर योलांदानं सरळ खिडकीतून बाहेर भिरकावली, कारण तिची शिवण बाळाच्या पाठीला लागणारी होती. सहावी सगळ्या तपासण्यांत उतरली. ती पहिल्यांदा वापरली त्या दुपारी इवोनेती वॉर्डात हजर होती. आई एकोणीस वर्षांची, कॉफीच्या मळ्यात काम करणारी, जूसेलेना नावाची. तिच्या मांडीवर निळा उजेड पसरला होता आणि त्या उजेडात तिची चार दिवसांची मुलगी दूध पीत होती. जूसेलेनाला यात काही विशेष घडतंय हे माहीत नव्हतं. इतकी माणसं का उभी आहेत म्हणून ती जरा लाजली आणि तिनं पदरासारखा टॉवेल ओढून घेतला. योलांदा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. ती मुलीकडे बघत नव्हती, आईच्या हाताकडे बघत होती. तो हात मोकळा होता, आणि मुलीच्या डोक्यावरून फिरत होता.

आज लागोआ सेरेनात चार छोटे कारखाने आहेत. बासष्टच्या शेजारी चार म्हणजे काहीच नाही, असं कुणी म्हणालं तर इवोनेती वाद घालत नाही. विकास मंडळानं तिच्याकडे नव्यानं मागणी केली की ही पद्धत पंधरा पानांत लिहून द्या, बाकीच्या शहरांना पाठवू. तिनं एका पानाचं पत्र लिहिलं. पद्धत माझ्याकडे नाही; जिथे करायचं तिथे दोन वर्षं राहा आणि कुणाचं काय अडलंय ते विचारत फिरा. मंडळानं पुन्हा काही विचारलं नाही. सेउ वाल्दोमिरो मात्र निवृत्त झाल्यावर अधूनमधून गुरुवारी येऊन बाकावर बसतात. त्यांना यंत्रातलं काही कळत नाही. ते कॉफी ओततात.

इवोनेतीचं पुस्तक मागच्या वर्षी निघालं. त्यात आभाराची पानं सहा आहेत. प्रकाशक म्हणाला दोन ठेवा, तर तिनं एक तक्ता काढून टाकला. आभार मानायला तिनं एकेका माणसाचं नाव घेतलं, वेटोळी गुंडाळणाऱ्या तेवीस बायकांसकट, आणि प्रत्येकीनं काय सांगितलं तेही लिहिलं. नेइदीनं यावेळी पुस्तक वाचलं. पूर्ण नाही, पण ती सहा पानं दोन वेळा, मोठ्यानं, शेजारणीला बसवून.

पहिली प्रत घेऊन इवोनेती नदीपलीकडे गेली होती. योलांदानं ती आठवडाभर वाचली आणि निरोप पाठवून तिला बोलावून घेतलं. पुस्तक चांगलं आहे, म्हणाली. मग थोडा वेळ बोटानं मुखपृष्ठ चोळत बसली.

"तू लिहिलंयस, या राज्यात अशी तीस-चाळीस शहरं आहेत जिथे सगळं होतं आणि काही निघालं नाही."

"हो."

"त्या प्रत्येक ठिकाणी कुणाच्या तरी कपाटात फाइल असेल, नाही?"

असेल की नाही ते मला माहीत नाही, असं इवोनेतीनं मोठ्या आवाजात सांगितलं. ते खरंच होतं. पण त्या रात्री तिला झोप लागायला वेळ लागला, आणि पुढच्या सुट्टीत तिनं नकाशा काढून नदीच्या वरच्या अंगाचं एक गाव निवडलं. तिथे पूर्वी कापडाची गिरणी होती, एक शाळा होती, आणि आता काही नाही. सकाळी सहा चाळीसची बस आहे. चढताना झुल्मिरानं तिच्या हातात दुधाच्या वड्यांचा डबा दिला. तिथे कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नकोस, म्हणाली, आणि पहिल्या दिवशी काहीच लिहून घेऊ नकोस.

बस सुटली. इवोनेती खिडकीशी बसली होती, मांडीवर डबा, वही पिशवीत.